हांगा कितें आसा काडपाक?

डिचोलीचा बाजार, म्हापशाचा शुक्रवार, चोडणची फेरीबोट आणि वाटेतल्या प्रत्येक तिठ्यावर मला वरचा प्रश्न (इथे फोटो काढण्यासारखं काय आहे?) विचारणाऱ्या समस्त मंडळींस,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही मला ओळखता. नावाने नाही, दिसण्यावरून. रविवारी सकाळी सात वाजता बंद दुकानाच्या शटरसमोर उकिडवी बसलेली, गळ्यात काळा पट्टा, पाठीवर कॉलेजातल्या पोरासारखी बॅग, सत्तेचाळीस वर्षांची बाई. तीच मी. नोकरी हिशेबाची, घर गोव्यातल्या डिचोलीत, कॅमेरा सेकंडहॅण्ड. अकरा वर्षं झाली, सुट्टी मिळाली की बाहेर पडते आणि तुमचे, तुमच्या टोपल्यांचे, सायकलींचे, पायरीवर वाळत घातलेल्या मिरच्यांचे फोटो काढते.

या अकरा वर्षांत तुम्ही मला काय काय समजलात त्याची मी वहीत नोंद ठेवली आहे. हिशेबाची सवय, दुसरं काय. सर्वांत जास्त वेळा पेपरवाली. मग नगरपालिकेची, सर्व्हेवाली, बँकेच्या वसुलीची, जमिनीची एजंट, डासांच्या फवारणीची, एकदा ‘सिनेमावाल्यांची’ आणि दोनदा टीचर. टीचर का ते कळलं नाही, बहुधा चष्मा. एका आजीने माझ्याकडे बराच वेळ बघून शेजारणीला हळूच विचारलं, ‘तिका घरा कोण ना?’

आहेत हो. नवरा आहे, मुलगा आहे, सासूबाई आहेत. आणि सासूबाईंचाही प्रश्न तुमचाच आहे.

सुरुवातीची काही वर्षं माझं उत्तर ठरलेलं होतं: ‘सहज.’ हे उत्तर ऐकलं की तुमचे चेहरे आणखी आकसतात, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. पेपरवाली म्हटलं असतं तर तुम्ही एकतर पदर सारखा केला असता किंवा गटाराची तक्रार सांगितली असती. दोन्हींत तुम्हाला काय करायचं ते माहीत आहे. ‘सहज’चं काय करायचं? आपल्याकडे सहज कोणी काही बघत नाही. कोणी थांबून, डोळे बारीक करून, दोन पावलं मागे जाऊन एखादी वस्तू बघायला लागला की त्याला ती हवी असते, किंवा ती तिथून हलवायची असते. हे मला तुम्हीच शिकवलंत, एकेका ठिकाणी एकेक धडा. त्यातले काही धडे इथे लिहिते, म्हणजे मला ते कितपत कळले हे तुम्हाला तपासता येईल.

पहिला धडा बार्देशातल्या एका वाड्यावरचा. जुनं घर, बलकांव, म्हणजे पुढची ओसरी, पडायला आलेला, खिडक्यांना अजून शिंपल्यांची तावदानं. आणि दाराला तीन कुलुपं. एकाच कडीला नव्हे; तीन वेगवेगळ्या कड्या ठोकून तीन कुलुपं. एक जुनं पितळेचं, हिरवं पडलेलं. एक मधलं, काळं. एक नवं कोरं, त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधलेली, पावसाने गंजू नये म्हणून. मी ती पिशवी बघत होते. रबर लावून, वर गाठ मारून, किती निगुतीने बांधली होती! उजेड चांगला होता, चार-पाच फोटो काढले.

पाठीमागे स्कूटर थांबली. उतरलेल्या गृहस्थांनी हेल्मेटसुद्धा काढलं नाही. ‘कोणें धाडलां तुका?’

मी म्हटलं, कोणी नाही. त्यांचा विश्वास बसला नाही, आणि का बसावा? १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून आपल्याकडे मुलाला आणि मुलीलाही घरादारात वाटा मिळत आला आहे. चांगलीच गोष्ट, पण तीन पिढ्यांनी त्याच घराचे वाटेकरी पंचवीस होतात, त्यांतले निम्मे मुंबईला, पोर्तुगालला, आखातात, आणि घर कुलपात. अशाच घरांवर आणि जमिनींवर खोट्या कागदांनी टपणारे इतके झाले की २०२२ मध्ये सरकारला जमीन बळकावण्याच्या प्रकरणांसाठी खास तपास पथक नेमावं लागलं. त्यामुळे ज्याच्या बंद घरासमोर अनोळखी बाई कॅमेरा घेऊन बसते, त्याने हेल्मेट न काढता विचारणं रास्तच आहे.

मी कॅमेरा त्यांच्या हातात दिला. म्हटलं, तुम्हीच बघा, आजचे सगळे आहेत. ते मागे मागे जात राहिले. कुलूप, कुलूप, पिशवी, परत पिशवी. मग भिंतीवर झोपलेलं मांजर. पदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलीची टोपली, त्यावरचा निळा प्लास्टिकचा कागद. कोणाच्या तरी दारातल्या चार चपला. विजेच्या खांबाला टांगलेलं दूध. बत्तीस फोटो त्यांनी पाहिले आणि मग हेल्मेट काढलं. चेहऱ्यावर राग नव्हता, कीव होती. ‘बाय, ह्यात कितेंच ना गो,’ ते म्हणाले.

आणि मग त्यांनी कुलुपांची गोष्ट सांगितली. पितळेचं थोरल्याचं, काळं मधल्याचं, पिशवीवालं यांचं. तिघं एकमेकांशी बोलत नाहीत. दार उघडायचं तर तिघांनी एका वेळी यायला हवं, आणि तसे ते आईच्या वर्षश्राद्धानंतर आलेले नाहीत. पिशवी दर पावसाळ्यापूर्वी बदलतात. मी विचारलं, फक्त तुमच्याच कुलपाला बांधता? ते थोडा वेळ गप्प राहिले. म्हणाले, एकदा पितळेच्याला बांधली होती, त्याने काढून टाकली.

फोटोत हे काहीच नाही. फोटोत फक्त तीन कुलुपं आणि एक पिशवी आहे. तुम्ही प्रश्न विचारलात म्हणून गोष्ट मिळाली, एवढं मात्र मी कबूल करते.

दुसरा धडा माझ्या घराजवळचा. आमच्याकडे डिचोलीत कॅमेरा म्हणजे लोहखनिजाची खाण, हे बाहेरच्यांना पटकन कळत नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मधे काही काळ पुन्हा चालल्या, आणि २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्या. त्या सगळ्या काळात रस्त्यावर कॅमेरा घेऊन उभा असलेला माणूस एकतर धुळीविरुद्ध अर्ज करणारा, नाहीतर अर्ज करणाऱ्याचा फोटो काढून ठेवणारा. तिसरी जात नव्हती. मी तुळशीवृंदावनावर बसलेल्या लाल धुळीचा फोटो काढला तेव्हा समोरच्या घरातून विचारणा झाली, ‘हें खंय दिवपाचें?’ म्हणजे कुठे द्यायचं आहे हे. मी म्हटलं, कुठेच नाही. त्या घरातला मुलगा ट्रकावर होता. आतून दरवाजा लागला.

लीज रद्द झाल्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात रस्त्याकडेला ट्रक नुसते उभे होते. एकाच्या मागच्या चाकातून वेल निघाली होती, रिमच्या भोकातून आत शिरून वरच्या फाळक्यापर्यंत चढलेली, आणि तिला पिवळी फुलं. काकडीची असावी, किंवा दोडक्याची. मी चिखलात बसून त्या चाकाचा फोटो काढत होते. मालक आला आणि माझ्या बाजूला उभा राहिला. ‘बँकेची का?’ त्याने शुद्ध मराठीत विचारलं. बँकेशी बोलताना आपण सगळेच शुद्ध बोलतो. नाही म्हटलं. ‘मग हप्ता भरणार आहात का?’ नाही. ‘मग माझा बंद पडलेला ट्रक तुम्हाला सुंदर दिसतो?’

याचं उत्तर माझ्यापाशी तेव्हा नव्हतं आणि आजही नाही. मला तो सुंदर दिसला होता, हे खरं आहे. मी कॅमेरा बॅगेत ठेवला. तो फोटो मी कोणाला दाखवत नाही. पुसलाही नाही.

म्हापशाच्या शुक्रवारी मात्र भीती वेगळी आणि स्वस्तातली. तिथे तुम्हाला वाटतं मी सोपोवाल्यांची, बाजारातल्या जागेची पट्टी वसूल करणाऱ्यांची. टोपल्या किती, जागा किती अडवलीय, मोजायला आले आहे. मातीच्या भांड्यांच्या रांगेतल्या मावशींनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हाताने चार मडकी पटकन मागे ओढली. आता त्याच मावशी लांबून हाका मारतात आणि नवं गिऱ्हाईक आलं की माझ्याकडे बोट दाखवून सांगतात, ‘ती पिशी, पूण बरी.’ वेडी आहे, पण चांगली. यापेक्षा चांगलं प्रशस्तिपत्र मला नोकरीत मिळालेलं नाही.

मासळी बाजारात तुमची तऱ्हा निराळी. तिथे कोणी घाबरत नाही, उलट मलाच कामाला लावतात. मला हवे होते एका बाईचे हात: बांगड्याचे खवले मनगटापर्यंत चिकटलेले, आणि त्याच हाताने ती सुट्टे पैसे मोजून प्लास्टिकच्या डब्यात टाकत होती. प्रत्येक नाण्याला एकेक खवला लागत होता. मी जरा वाकले मात्र, तिने हात फडक्याला पुसले, बांगड्यांचे वाटे बाजूला सारले, बर्फाखालून भलामोठा इसवण (सुरमई) काढला आणि दोन्ही हातांत धरून ताठ बसली. ‘आतां काड. बांगड्याचो कसलो फोटो?’ काढला. तिला दाखवला, तिला आवडला. खवले लागलेली नाणी तेवढी राहिली.

या बाईच्या वागण्यात मला तुमच्या गोंधळाचं मूळ सापडलं असं वाटतं. फोटो हा प्रसंगाचा असतो, अशी आपली समजूत आहे, आणि ती उगाच झालेली नाही. माझ्या लहानपणी ३६ फोटोंचा एक रोल बारशापासून गणपतीच्या चवथीपर्यंत पुरवावा लागे. स्टुडिओत जायचं तर डोक्याला तेल, कपाळाला पावडर, मागे रंगवलेला धबधबा. फोटो म्हणजे लग्न, मुंज, किंवा फॉर्म. आजही मी कॅमेरा घेऊन चालले की निदान एक बाई विचारतेच, ‘पासपोर्ट साइज काढता?’ गृह आधार या सरकारी योजनेच्या अर्जासाठी हवा असतो. मी काढून देते. पांढऱ्या भिंतीसमोर उभं करते, ती हसायचं थांबते, आणि दोघींना एकदम हायसं वाटतं, कारण हा फोटो कशासाठी ते आता दोघींनाही ठाऊक असतं.

चवथीचं उदाहरण तर दरवर्षीचं. आदल्या दिवसांत डिचोलीत माटोळीचा, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या रानफळांच्या आराशीचा, बाजार भरतो. सत्तरीच्या रानांतून बायका पहाटेच येतात: कांगलां, आंबाडे, तोरिंगं, सुपारीचे घड, चिबूड, आणि ज्यांची नावं मला अजून पाठ नाहीत अशी कितीतरी रानफळं. दोन फळं एकत्र बांधताना एक बाई दोराचं टोक दातांत धरते आणि त्याच दातांतून भाव सांगते. मला ते हवं असतं. तुम्ही मला म्हणता, ‘हांगा कितें काडटा? फाल्यां घरा यो, माटोळी बांदल्या उपरांत काड.’ बोलावणं मनापासूनचं असतं, मी जातेही, करंज्या खाते, बांधलेल्या माटोळीचा फोटो काढते. पण तो तुमच्या घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये आधीच असतो. दातांत दोर धरलेली बाई कोणाच्या मोबाईलमध्ये नाही.

मोबाईलवरून आठवलं. हे एक कोडं मला तुम्हीच सोडवून द्या. तुमच्या बाजारात दर मिनिटाला कोणी ना कोणी मोबाईल वर करून काहीतरी टिपतं, त्याला कोणी काही विचारत नाही. माझा कॅमेरा बाहेर आला की मान वळते. मोबाईलवाला स्वतःचाच फोटो काढतोय असं आपण गृहीत धरतो, म्हणून असेल का? एकदा मीही मोबाईलने काढून पाहिलं. कोणी विचारलं नाही, आणि मला चोरी केल्यासारखं वाटलं. हेन्री कार्तिए-ब्रेसाँ हे या प्रकारच्या फोटोग्राफीतलं फार मोठं नाव. आपल्या छोट्या लायका कॅमेऱ्याचे चकाकणारे भाग ते काळ्या टेपने झाकत, लोकांच्या नजरेत येऊ नये म्हणून. ते पॅरिसात ठीक असेल. डिचोलीत टेप लावली तर ‘टेप कित्याक लायल्या?’ हा आणखी एक प्रश्न वाढेल.

आता थोडं तुमच्या बाजूने.

तुम्ही वैतागलेले आहात हे मला दिसतं. पणजीत फोंतेन्हास या जुन्या, रंगीत घरांच्या वस्तीत राहणाऱ्यांची गत बघा. दार उघडलं की उंबऱ्यावर कोणीतरी नवरीच्या घागऱ्यात उभी, खिडकी उघडली की समोर रील चालू. लोकांना शेवटी भिंतींवर पाट्या लावाव्या लागल्या. पर्राचा माडांचा रस्ता तर इतका गाजला की २०१९ मध्ये तिथल्या पंचायतीने फोटो आणि शूटिंगसाठी पैसेच आकारायचं ठरवलं. तेव्हा मी चिडले होते, हवेचेही पैसे घेणार का म्हणून घरात भाषण केलं होतं. आता तेवढी खात्री वाटत नाही. तुमच्या दारातून दिवसाला शेकडो माणसं तुमच्या दाराचा रंग घेऊन जातात आणि तुम्हाला साधं ‘येतो हं’ही म्हणत नाहीत, तेव्हा पाटी लावण्यावाचून काय राहतं?

पण त्या पाट्यांच्या काळात माझ्यासारखीची पंचाईत वेगळीच झाली. मी कॅमेरा उचलला की तुम्ही आधी हिंदीत विचारता, ‘कहाँ से?’ मी कोंकणीत उत्तर देते, तेव्हा तुमचा संशय कमी व्हायला हवा; तो वाढतो. बाहेरच्याने आपला गाव बघणं समजू शकतं, त्याने तिकीट काढलंय. पण इथलीच बाई इथलंच काय बघते? एका फेरीवर दोर टाकणाऱ्या माणसाने मला सरळ विचारलं, ‘फेरी केन्ना पळोवंक ना?’ पाहिली आहे ना! रायबंदर ते चोडण हजार वेळा गेले असेन, लोखंडी फाळका आपटल्याचा आवाज झोपेतही ओळखीन. पण त्या हजार वेळांत फाळक्याच्या कडेला दोराने घासून घासून पडलेली खाच कधी पाहिली नव्हती, बोटभर खोल. कितीजणांच्या हातून गेलेल्या दोराने पडली असेल. त्याला दाखवली. तो म्हणाला, ‘ती सदांच आसा.’ नेहमीचीच आहे. २०२५ च्या जुलैत त्या मार्गावर रो-रो फेरी आली. तिच्यावर अजून खाच नाही.

माझा मुलगा म्हणतो, आई, तू एवढी उत्तरं कशाला देत बसतेस? रस्त्यावर उभं राहून फोटो काढायला बंदी कुठे आहे? त्याचं खरं आहे. दाबोळीसारखी नौदलाची जागा, संरक्षणाच्या हद्दी, जिथे मनाई लिहिली आहे तिथे नाही काढायचा. बाकी सार्वजनिक रस्त्यावर सर्वसाधारण मनाई नाही. पण २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असंही सांगितलंय, आणि तुमची पायरी रस्त्याला लागून असली म्हणून ती रस्ता होत नाही. खरं सांगायचं तर बाजारात कायदा काढणाऱ्या माणसाला दुसऱ्या आठवड्यात त्याच बाजारात जायचं नसतं. मला जायचं असतं. मला तिथूनच भाजी घ्यायची असते.

आणि माझ्या हातून एक चूक झालेली आहे, ती इथे सांगितली नाही तर हे पत्र एकतर्फी होईल.

एका तावेर्नाच्या, म्हणजे दारूच्या छोट्या दुकानाच्या, दारातून दुपारचं ऊन आत तिरपं आलं होतं. एक माणूस पाठमोरा, टेबलावर कोपर, समोर छोटा ग्लास, उन्हाने ग्लास पेटल्यासारखा. पाठमोरा आहे, चेहरा नाही, म्हणून मी विचारलं नाही. फोटो चांगला आला. मी तो आमच्या हौशी मंडळींच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो कुठे कुठे गेला मला माहीत नाही. त्या माणसाच्या अंगात गावच्या फुटबॉल टीमचा शर्ट होता, पाठीवर ९ नंबर. चेहऱ्याची गरजच काय? अख्ख्या गावात ९ नंबर एकच.

दोन आठवड्यांनी तो मला बाजारात भेटला. त्याने दारू सोडली आहे असं घरी सांगितलं होतं, चार महिने झाले होते, घरच्यांनी विश्वास ठेवला होता. तो ओरडला नाही. मासळीची पिशवी या हातातून त्या हातात घेत एवढंच म्हणाला, ‘बाय, विचारपाचें आशिल्लें.’ विचारायला हवं होतं. त्या दिवशी तो एकच ग्लास होता की चौथा, मला कसं कळणार? फोटोत तर तो कायमचा तिथेच बसलेला आहे. मी ग्रुपवरून काढून टाकला, माफी मागितली. पसरलेलं गोळा करता येत नाही.

तेव्हापासून मी गोव्याचे व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांच्या चित्रांकडे वेगळ्या नजरेने बघते. पदेर, मासळीवाल्या, तावेर्नातले गिऱ्हाईक, बसमध्ये कोंबलेला गाव, सगळं त्यांनी काढून ठेवलंय, आणि आपण सगळे ते बघून हसतो, घरात लावतो. त्यांच्या कागदावरचा बेवडा हा गोव्यातला कुठलाही बेवडा असतो. माझ्या फोटोतला ९ नंबरचाच असतो. तुम्ही चित्रकाराला हसून जागा देता आणि मला हटकता, यात तुमचं काही चुकत नाही.

बसस्टँडजवळ चपला शिवणारे एक काका आहेत. त्यांना मी एकदा एक गोष्ट सांगितली. १८३८ साली पॅरिसमध्ये लुई दागेर नावाच्या माणसाने आपल्या खिडकीतून खालच्या रस्त्याचा फोटो काढला. तेव्हा एक फोटो उमटायला काही मिनिटं लागत. त्यामुळे रस्त्यावरून जाणाऱ्या घोडागाड्या, माणसं, कोणीच त्यात आलं नाही. सगळा रस्ता रिकामा दिसतो. फक्त एक माणूस आला, कारण तो बूट पॉलिश करून घेत एका जागी उभा होता. माणूस दिसणारा जगातला पहिला फोटो म्हणून तो ओळखला जातो. त्या माणसाचं नाव कोणाला माहीत नाही, आणि त्यालाही हे कधी कळलं नसणार.

काकांनी सुई थांबवली. ‘आणि पॉलिशवाला?’

मी म्हटलं, तो आहे, पण पुसट. हात हलत होते ना.

‘म्हणजे काम करत होता तो पुसट आणि पाय पुढे केलेला स्पष्ट,’ काका म्हणाले, आणि पुन्हा शिवायला लागले. जरा वेळाने वर न बघता विचारलं, ‘तेव्हा पॉलिशीला किती घेत असतील?’ मला माहीत नव्हतं. माझ्या गोष्टीत त्यांना विचारण्यासारखं वाटलं ते एवढंच, आणि खरं तर तोच प्रश्न महत्त्वाचा होता. त्या दिवशी मी त्यांचा फोटो काढला, हात पुसट येतील असाच. तो त्यांच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेला आहे. गिऱ्हाइकांना दाखवून ते सांगतात, कॅमेरा बरा नव्हता.

तर मंडळी, मागणं काही मोठं नाही. प्रश्न विचारणं थांबवू नका. फक्त ‘कोणें धाडलां’च्या आधी ‘कितें पळयता’, काय बघता, असं विचारून बघा. तुम्ही जिथे उभे आहात तिथूनच मी दाखवीन. ‘सहज’ म्हणणं मी सोडलं आहे. आता मी जे बघत होते ते सांगते: पिशवी, खाच, दोर. तुम्हाला त्यात काही दिसलं नाही तर तसं म्हणा, मला त्याची सवय आहे. फोटो नको असेल तर ‘नाका’ म्हणा, तुमच्यासमोर पुसते. एकदा काढून झाल्यावर नको वाटलं, रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटलं, तरी पुढच्या शुक्रवारी सांगा. आणि चेहरा असलेला, शर्टाचा नंबर असलेला, कुत्र्याच्या पट्ट्यावरूनही घर ओळखू येईल असा कुठलाही फोटो विचारल्याशिवाय माझ्या घराबाहेर जाणार नाही.

छापलेले फोटो मी बॅगेत घेऊन फिरते, ज्याचे त्याला द्यायला. सध्या पाकिटात एकोणीस आहेत. मिरच्यावाली, केळीवाला, हातगाडीवर झोपलेला मुलगा (तो आता फार उंच झाला असेल), इसवणवाली, आणि फेरीवरच्या खाचेचा एक, तो कोणाला द्यायचा ते ठरलेलं नाही. तीन कुलुपांच्या फोटोच्या तीन प्रती काढल्या होत्या. स्कूटरवाल्यांनी एक घेतली. उरलेल्या दोन तुम्हीच पोचवा म्हणाले.

पुढच्या शुक्रवारी सकाळी आठ ते अकरा मी म्हापशाला भांड्यांच्या रांगेपाशी आहे. आपापले घेऊन जावे.

कळावे,
तुमची,
डिचोलीची कॅमेरावाली बाय

ता. क. भांडीवाल्या मावशी, तुमच्या फोटोत तुमचे डोळे मिटले आहेत आणि मागच्या गिऱ्हाइकाचे उघडे. दुसरा काढावा लागेल. मडकी मागे ओढू नका.